नऊ काड्यांचा गठ्ठा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला लिहिण्यापुरता. गेल्या महिन्याभरात इतक्या शाळांतून इतक्या बुटक्या खुर्च्यांवर बसलोय की माझे गुडघे आता जमिनीला टेकायला तयार नाहीत, आणि टेकलेच तर उठायला तयार नाहीत. तेव्हा उभ्याउभ्याच, पण मनापासून घातलेला समज.)

तुझी तब्येत कशी आहे? उजव्या हाताच्या बोटांत काही हालचाल? रबरी चेंडू रोज दाबतेस की तो नातवंडांनी अंगणात नेऊन हरवला? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे तू चढतच असशील, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. (वहिनी, नेहमीप्रमाणे तुम्ही हे पत्र आत्याला मोठ्याने वाचून दाखवत असाल, तर कृपया इथेच थांबा आणि कागद तिच्या हातात द्या. तिचा चष्मा उशीखाली असतो आणि ओळीखाली धरायची काडी चष्म्याच्या डबीत. दोन दिवस लागले तरी लागू द्या. राग मानू नका, तुम्ही वाचता छानच, पण दुःखाच्या जागा आल्या की तुम्ही त्या गाळता हे मला पक्कं ठाऊक आहे. या पत्रातून तेवढ्या गाळल्या तर पाकिटावरचा पत्ताच काय तो उरेल.)

आत्या, अक्षर मोठं काढलंय आणि दोन ओळींत बोटभर जागा सोडलीय, म्हणून कागद इतके झालेत. काही मागायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इकडे सगळं कुशल आहे. म्हणजे छप्पर गळत नाही, आणि तुझे बंधू, माझे वडील, माझ्याशी बोलत नाहीत. आज तिसरा दिवस. का बोलत नाहीत ते ओघात येईलच.

तुला माहीतच आहे, पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला मला अडतीस पूर्ण होतात. प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीला अडतीस म्हणजे दार बंद. वीस तारखेला माणूस मुलांना शिकवायला लायक असतो आणि एकवीस तारखेला त्याला नेमकं काय होतं, हे मी एका कार्यालयातल्या कारकुनाला विचारलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. (जेवणाची सुट्टी झाली होती, असं नंतर कळलं. पण त्या क्षणी मला ते उत्तरच वाटलं.) विसाव्या वर्षी शिक्षकाची पदविका घेतली, तेव्हा नोकऱ्या नव्हत्या. मग तात्पुरता म्हणून फरशांच्या दुकानात लागलो तो चौदा वर्षं तात्पुरताच राहिलो. पुढे दुकान बंद पडलं, तुला अर्धांगाचा झटका आला, आणि तू आमच्या पुढच्या खोलीत येऊन पडलीस. त्या अठरा महिन्यांबद्दल इथे काही लिहीत नाही. एवढंच लिहितो की त्यानंतर मला दुसरं काही करावंसंच वाटेना. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरं. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली वर्तमानपत्रातली एक जाहिरात लाल पेन्सिलीने गोल करून ठेवलेली असते. पहिल्या आठवड्यात शाळांच्या असायच्या. आता त्यांत शीतगृहाच्या पहारेकऱ्याचीही असते.

पहिली शाळा एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. खाली लोखंड आपटलं की वर भिंतीवरची बाराखडी थरथरायची. मुलाखत घ्यायला एक टाय लावलेले गृहस्थ होते. त्यांनी माझी कागदपत्रं न उघडताच विचारलं की गाडी चालवता येते का, कारण सकाळी मुलांना आणायला व्हॅन न्यावी लागेल. येते म्हटलं. नाचता येतं का? नाही म्हटलं. संगणक दुरुस्त करता येतो का, स्नेहसंमेलनाचा पडदा शिवता येईल का, झुरळांची भीती वाटते का? असं करत करत अर्धा तास झाला आणि शिकवता येतं का हे काही विचारेनात, म्हणून शेवटी मीच तो विषय काढला. ते थोडे नाराज झाले. मग म्हणाले की पहिलीच्या वर्गाला पालकांना बाई लागतात, पुरुष पाहिला की पालक बिचकतात, आणि तुमची उंचीही जरा जास्तच आहे. उंचीवर मी काय बोलणार? सहा फूट उंच माणूस वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसला की त्याची हनुवटी गुडघ्यांवर टेकते आणि तो कितीही हुशार असला तरी घडी करून ठेवल्यासारखा दिसतो. निघताना त्यांनी अनुभव किती ते विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. नाही म्हणायला कारण सापडलं होतं. दोन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही, आणि नोकरी असल्याशिवाय अनुभव कुठून आणायचा ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यानंतरच्या सहा शाळांनी हेच ऐकवलं, फक्त टाय वेगवेगळे होते.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. दुसरी म्हणजे आठवी शाळा, पण सांगण्यासारखी दुसरीच. ही शाळा खरोखरची होती. लांब व्हरांडा, नळाखाली ओलं वर्तुळ, वर्गाच्या दारावर खडूने लिहिलेली पटसंख्या. आत शिरलो आणि खडूचा वास आला तेव्हा, खरं सांगतो आत्या, मला तुझा हात धरून शाळेत आल्यासारखं झालं. तुला आठवतं? फाटकापर्यंत तू माझी आत्या आणि मी तुला 'तू' म्हणायचो, फाटकाच्या आत पाऊल पडलं की तू 'बाई' आणि मी 'तुम्ही'. एकदा चुकून वर्गात 'आत्या, तू' म्हणालो तर तू मला शेवटच्या बाकावर बसवलंस, आणि पुढे वर्षभर मी तिथेच राहिलो. (सवलत कधीच दिली नाहीस. घरी मात्र त्या दिवशी दोनदा विचारलंस, फळा नीट दिसतो ना म्हणून.)

तर त्या शाळेत नमुना पाठ घ्यायचा होता. इयत्ता दुसरी, हातच्याची वजाबाकी, वेळ वीस मिनिटं, मागे तीन जणांची निवड समिती. साहित्य आपलं आपण आणायचं. मी काय नेणार? तुझ्या उशाशी असायचे तेच काड्यांचे गठ्ठे. दहा-दहा काड्या, वर रबर, असे सहा गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. आदल्या दिवशी दुपारी बाबांना म्हटलं, एकदा बघून घ्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, मी स्वतः बांधलेत, बघायचं काय त्यात? मला ते पटलं. बाबा बँकेत पैसे मोजायला होते, त्यांच्या मोजण्यावर आमच्या घरात कुणी शंका घेत नाही.

मी अकरावा उमेदवार होतो. व्हरांड्यात बसल्यावर हळूहळू ध्यानात आलं की आमच्या प्रत्येकाच्या पिशवीत काड्यांचे गठ्ठे आहेत. एकजण तर गठ्ठ्यांना डोळे चिकटवून घेऊन आला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, वर्ग बदलत नव्हता. सकाळपासून तीच मुलं, तोच पाठ. दहा उमेदवारांनी त्या लेकरांना दहा वेळा हातचा घ्यायला शिकवलं होतं. मी आत पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते मी फक्त दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाहिलंय.

मी फळ्याकडे वळायच्या आत सगळा वर्ग ओरडला, सत्तावीस! मी म्हटलं, अजून गणित लिहिलेलं नाही. पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने मला दयेने सांगितलं, "सर, बावन्न वजा पंचवीस लिहा. मग आम्हाला शाब्बास म्हणा. मग गठ्ठा दाखवा." पाठ्यपुस्तकातलं पहिलंच उदाहरण ते, दहाही जणांनी तेच घेतलं होतं. इथे मला हुशारी सुचली. (मला हुशारी सुचली की काय होतं ते तू पाहिलेलं आहेस.) म्हटलं, आपण वेगळं गणित घेऊ, मुलं विचार करतील, समितीही बघेल. घाईघाईत फळ्यावर लिहिलं, त्रेपन्न वजा सव्वीस. वर्ग ओरडला, सत्तावीस! आत्या, ते बरोबर होतं. त्रेपन्नातून सव्वीस गेले की सत्तावीसच उरतात. मागे समितीचे अध्यक्ष खूश होऊन मान डोलवू लागले. माझी मात्र पाचावर धारण बसली. मी पुसलं आणि लिहिलं, एक्केचाळीस वजा अठरा. वर्ग पुन्हा एकसुरात ओरडला, सत्तावीस! अध्यक्षांची मान मधेच थांबली. दहा जणांनी सकाळपासून शिकवलेलं या माणसाने एका मिनिटात बिघडवलं, असं त्यांनी कागदावर लिहिलं असावं. लिहिलं बराच वेळ, एवढं खरं.

मग मी काय केलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. माझं पाठाचं टाचण टेबलावर होतं, त्यात हेतू, प्रस्तावना, विकास, समारोप, सगळं लाल-निळ्या शाईने लिहिलेलं होतं. ते तिथेच ठेवून मी शेवटच्या बाकाकडे गेलो. का गेलो म्हणशील तर त्या बाकावर बसलेली मुलगी ओरडत नव्हती. बारीकशी, हाताच्या मुठी आवळून बसलेली. मी बाजूला बसलो (म्हणजे बाकात अडकलो) आणि तिच्यापुढे एक गठ्ठा ठेवला. हात लावीना. म्हटलं, घे की. ती हळूच म्हणाली, "हात लावायचा नाही, बघायचं फक्त." बरोबर आहे. दहा जणांनी आपापलं साहित्य जपलं होतं. म्हटलं, हा लावायचाच आहे. तर म्हणाली, "सोडला तर परत बांधता येतो?"

तो प्रश्न मला कुठे लागला हे तुला सांगायला नको. मी म्हटलं, येतो. तिने रबर काढलं. काड्या बाकावर मांडल्या. एक एक करून मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मान वर करून सगळ्या वर्गाला आणि समितीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, यात नऊच आहेत."

आत्या, धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. समितीत एक तज्ज्ञ होते, ते सकाळपासून झोपले होते, ते जागे झाले. अध्यक्ष उठून आले आणि त्यांनी स्वतः काड्या मोजल्या. नऊ. मग मला विचारलं की तुम्ही दहाचा गठ्ठा म्हणून मुलांना नऊ काड्या देता का? मी खाली बघितलं, बाकाखाली बघितलं, खिसे चाचपले. तेवढ्यात घंटा झाली. हेतू राहिला, समारोप राहिला, गृहपाठ राहिला. त्या मुलीने नऊ काड्यांना रबर लावलं, पुन्हा सोडलं, पुन्हा लावलं, आणि गठ्ठा माझ्या हातात दिला.

मुलाखत त्यानंतर लगेच होती. अध्यक्षांनी विचारलं, अनुभव? मला त्या वेळी खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, एक विद्यार्थिनी, अठरा महिने. इयत्ता? पहिली. वय? एकाहत्तर. अध्यक्षांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी म्हटलं, चेष्टा नाही, त्यांनी स्वतः तेहेतीस वर्षं पहिलीला शिकवलं होतं, मग एका सकाळी उठल्या तर वर्तमानपत्रातलं एकही अक्षर लागेना, आकडे लागेनात, उजवा हात उचलेना, म्हणून आम्ही 'अ'पासून सुरुवात केली. तज्ज्ञ म्हणाले की याला शासनमान्य अनुभव म्हणता येणार नाही. अध्यक्ष म्हणाले, या तुम्ही. समितीतल्या तिसऱ्या मुख्याध्यापिका होत्या, त्या चष्मा पुसत बसल्या.

घरी येऊन मी बाबांवर तोंड सोडलं. नाही नाही ते बोललो. म्हणालो, तीस वर्षं बँकेत काय मोजलंत, दहा काड्या मोजता येत नाहीत? त्यांनी पिशवी पुढे ओढली. चष्मा लावला, उरलेले पाचही गठ्ठे सोडून मोजले, प्रत्येकी दहा निघाल्या, पुन्हा बांधले आणि आत जाऊन पडले. तेव्हापासून हा अबोला. जाहिरात मात्र कपाखाली रोज असते. आज सकाळची शीतगृहाची होती आणि ती मी खिशात ठेवली आहे. पगार बरा आहे, उंच माणूस चालतो, आणि तिथे काही मोजावं लागत नाही.

तर असं आहे सगळं. तुझी विद्या माझ्यापर्यंत आली आणि माझ्यापाशी संपली, याचं फार वाईट वाटतं. तुला कळवावं म्हणून कळवलं, दुसरं काही नाही. जपून राहा. दादाला आणि वहिनींना नमस्कार, पोरांना एकेक धपाटा.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलंय ते खरं नाही. मी शाळेच्या फाटकाबाहेर पडत होतो तेव्हा मुख्याध्यापिका मागून आल्या. म्हणाल्या, "सकाळपासून अकरा जणांनी या मुलांना सांगितलं की गठ्ठा दहाचा असतो. मोजला फक्त तिने." मग त्यांनी एक छापील अर्ज दिला. त्यात खालच्या बाजूला बारीक अक्षरात आहे की खासगी शिकवणी असेल तर विद्यार्थ्याने किंवा पालकाने स्वतःच्या हस्ताक्षरात निवेदन लिहून सही करावी, ते अनुभव म्हणून धरता येतं. त्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली आहे. अध्यक्षांशी मी बोलेन म्हणाल्या, पण कागद वीस तारखेच्या आत हवा. अर्ज सोबत जोडला आहे. विद्यार्थिनी तूच, पालक तुला उरलेले नाहीत, तेव्हा दुसरं कोणी चालणार नाही.

आणखी एक ता. क. दादाने सही करून देऊ नये, वहिनींनी हात धरू नये, अंगठा तर नाहीच नाही. मला ठाऊक आहे, दादा तुला इथून आपल्या घरी न्यायला आला तेव्हा आपलं वाचन झालं होतं आणि लिहिणं राहिलं होतं. डाव्या हाताने तू तुझ्या नावातलं पहिलं अक्षर काढलं होतंस, तेही पाटीवरून खाली घसरलेलं. त्यानंतर तुझ्या हातचं काही मी पाहिलेलं नाही. फोनवर विचारायचं धाडस झालं नाही, कारण नाही म्हणालीस तर काय, याची भीती वाटत होती आणि अजूनही वाटते. तेव्हा ऐक. 'याने मला वाचायला शिकवलं' एवढंच लिही, आणि खाली सही. नाहीच जमलं तर अर्ज कोरा परत पाठव. मी समजेन की मला शिकवता येत नाही, आणि शीतगृहात जाईन. तो दोष शिकवणाऱ्याचा, तुझा नाही. हे तूच आम्हाला वर्गात सांगायचीस. पाकिटात कोरे कागदही घातलेत, बारा आहेत. पहिला कागद नेहमी बिघडवायला द्यावा, हेही तुझंच. बिघडलेले फेकू नकोस, तेही पाठव. ते समितीला नकोत, मला हवेत.

शेवटचा ता. क. हे लिहिता लिहिता आठवलं आणि आत्ता उठून बाबांच्या खोलीत जाऊन आलो. म्हटलं, बाबा, चुकलो, गठ्ठे दहाचेच होते. त्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, मग दहावी गेली कुठे? आत्या, ती तुझ्याकडे आहे. वाचायला लागलीस तेव्हा ओळ सुटायची म्हणून तूच एका गठ्ठ्यातून ओढून घेतली होतीस, आणि जाताना चष्म्याच्या डबीत ठेवून घेऊन गेलीस. आत्ता हे वाचतेस तेही तीच ओळीखाली धरून. परत पाठवू नकोस. सही करताना हात खाली घसरतो, तेव्हा नावाखाली ती आडवी ठेव.